पडद्यावरचे रेणू आणि नळीतले रेणू

मीठ पाण्यात विरघळले की ते सर्वत्र सारखे पसरते, हे विसरणाचे उदाहरण आपण वर्गात नेहमी देतो. परंतु हे द्रावण एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला थंड ठेवले तर? १८७९ मध्ये शार्ल सोरे यांनी मिठाच्या द्रावणाची उभी नळी वरून तापवून व खालून थंड ठेवून अनेक दिवस राखली. ऊन पाणी हलके असल्याने वरच राहते, त्यामुळे द्रावण ढवळले जात नाही. तरीही थंड टोकाकडे मीठ किंचित अधिक जमले. हेच औष्णिक विसरण. शिरोड्याच्या मिठागरातले मीठही याला अपवाद नाही.

मालवणच्या यांत्रिक होड्यांतील डिझेल आणि मुंबई हाय येथे १९७४ मध्ये सापडलेले खनिज तेल ही हायड्रोकार्बनांची मिश्रणे. जमिनीखाली दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. तेव्हा तेलसाठ्यातील घटक वर-खाली कसे विभागले जातील, हे ठरवताना औष्णिक विसरणही विचारात घ्यावे लागते. त्यासाठी संगणकाची मदत घेतात. काही हजार रेणूंची काल्पनिक पेटी घ्यायची, एक बाजू तापवायची, दुसरी थंड करायची आणि न्यूटनच्या नियमांनी प्रत्येक रेणूची हालचाल मोजायची. पडद्यावर रेणू वेगळे होताना दिसतात आणि पाहणारा म्हणतो, ‘सिद्ध झाले!’

आमचा आक्षेप या ‘सिद्ध झाले’ला आहे, सिम्युलेशनला नाही. रेणू एकमेकांना किती ओढतात व किती लोटतात, हे संगणक शोधत नाही. ते आपणच त्याला सांगतो. औष्णिक विसरण तर याच बाबतीत फार हळवे आहे. वायूंमधील रेणू अंतराच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात एकमेकांना लोटतात असे मानले, तर गणिताने हा परिणाम शून्य येतो! मॅक्सवेलने हाच सोयीचा नियम घेतला होता. एन्स्कोग (१९११) आणि चॅपमन यांनी इतर नियम तपासले, तेव्हा परिणाम पुढे आला.

दुसरी गोष्ट मापाची. दहा नॅनोमीटरच्या पेटीत ५० अंशांचा फरक म्हणजे दर मीटरला पाच अब्ज अंश. भूगर्भातील फरकाच्या तो शंभर अब्जांहून अधिक पट आहे. फरक कमी-जास्त करून परिणाम त्याच प्रमाणात बदलतो की नाही, हे जाणते संशोधक तपासून घेतात. वर्गात दाखवलेले चित्र मात्र ते सांगत नाही.

म्हणूनच कसोटी लागते ती प्रयोगाची. टेट्रालिन, डोडेकेन व आयसोब्युटिलबेंझिन यांच्या जोड्यांवर युरोपातील काही प्रयोगशाळांनी वेगवेगळ्या पद्धतींनी मोजमाप केले आणि २००३ मध्ये जुळलेले आकडे प्रसिद्ध केले. वजनाने निम्मे-निम्मे टेट्रालिन व डोडेकेन, सरासरी २५ अंश आणि टोकांत १० अंशांचा फरक असेल, तर थंड टोकाला टेट्रालिनचे प्रमाण सुमारे २.४ टक्क्यांनी अधिक भरते. सिम्युलेशनने आधी हा आकडा गाठून दाखवावा, मग तेलसाठ्याविषयी बोलावे.

प्रयोगशाळा तोकडी असलेल्या शाळेत संगणक हा मोठा आधार आहे. तो जरूर वापरावा. मात्र चित्र दाखवल्यावर विद्यार्थ्यांना तीन प्रश्न अवश्य विचारू द्यावेत: यात कोणता नियम आपण घातला? काय वगळले? आणि कोणत्या मोजमापाशी ताडून पाहिले? हे प्रश्न विचारणारा विद्यार्थी पडद्यासमोर बसूनही विज्ञानच शिकत असतो.