चटणी मुंग्यांची, व्हिडिओ पाहुण्याचा

अहेरी-भामरागडकडच्या माडिया घरांत लाल मुंग्यांची चटणी होते. यूट्यूबवर तिचे व्हिडिओ मिळतात. पण मी पाहिलेला एकही बघून ती करता येणार नाही. कॅमेरा खाणाऱ्या पाहुण्याच्या तोंडावर. तो आधी दचकतो, मग ‘वाव’ म्हणतो. संपलं.

कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’नं १९७० साली वाटी-चमच्याची मापं दिली. आज ‘मधुराज रेसिपी’ही तेच करते, पदार्थ बघणाऱ्याच्या हाती देते. मग पुरणपोळीला रेसिपी आणि मुंग्यांना नुसती रिॲक्शन, असं का?

या चटणीची कृती पाट्याच्या बरीच आधी सुरू होते. या मुंग्या अळ्यांच्या रेशमानं पानं शिवून झाडावर घरटं बांधतात. ते कुठलं नि कधी उतरवायचं, चावे कसे चुकवायचे, हे शिकावं लागतं. आंबटपणा मुंग्यांतल्या फॉर्मिक ॲसिडचा, वर मीठ-मिरची. मयूरभंजच्या अशाच काई चटणीला २०२४मध्ये जीआय मिळाला.

व्हायरल झाल्यानं पदार्थ माहीत होतो, त्याचा मान वाढतोच असं नाही. पुढचा व्हिडिओ आला की एवढंच बघा: चटणी वाटणाऱ्या बाईला त्यात नाव आहे का? ती बोलते का?