भोक पाडलं, चाललं. पण सिद्ध काय झालं?

संशोधनाच्या तयारीला लागला असाल, तर आज एक जुना दावा तपासायला घेऊ.

साडेतीन इंची फ्लॉपी दोन प्रकारांत मिळायची: ७२० केबीची डबल डेन्सिटी, म्हणजे डीडी, आणि त्याहून महाग १.४४ एमबीची हाय डेन्सिटी, म्हणजे एचडी. वरवर बघता फरक एकच: एचडीच्या एका कोपऱ्यात एक जास्तीचं भोक. ते बघून ड्राइव्ह ठरवायचा की डिस्क कुठली. मग लोकांनी डीडीलाही तिथेच भोक पाडलं. कुणी ड्रिलने, कुणी तापवलेल्या सोल्डरिंग आयर्नने. त्यासाठी खास पंचसुद्धा विकले जायचे. फॉरमॅट केली, १.४४ एमबी दिसली, निष्कर्ष तयार: माल एकच, कंपन्या नुसत्या भोकाचे पैसे घेतात!

हा दावा मूर्खपणाचा नाही. पुष्कळ डिस्क खरोखरच फॉरमॅट व्हायच्या. गडबड निरीक्षणात नाही, त्यावरून मारलेल्या उडीत आहे.

आधी माल बघा. दोन्ही डिस्कना दोन बाजू, दर बाजूला ८० ट्रॅक. डीडीत दर ट्रॅकवर ९ सेक्टर, एचडीत १८. तेवढ्याच लांबीत दुप्पट बिट्स. चुंबकीय ठिपके इतके जवळ आले की एकमेकांना कमजोर करतात. म्हणून एचडीचा थर जास्त पातळ असतो आणि त्याची कोअर्सिव्हिटी, म्हणजे चुंबकत्व पुसायला लागणारा जोर, जास्त असते. साडेतीन इंचीत हा फरक थोडाच: डीडी ६०० ओर्स्टेडच्या पुढे, एचडी ७०० च्या पुढे. सव्वापाच इंचीत मात्र ३६० केबीची डिस्क सुमारे ३०० आणि १.२ एमबीची सुमारे ६००, म्हणजे थेट दुप्पट. त्यामुळे तिथे डीडी डिस्क एचडी म्हणून वापरायला गेलं की सहसा फॉरमॅटलाच रडायची. म्हणजे साडेतीन इंचीत युक्ती चालली ती माल एकच होता म्हणून नव्हे, जवळपासचा होता म्हणून.

आता चाचणी बघा. फॉरमॅट झाली म्हणजे काय कळलं? या ड्राइव्हने आत्ता लिहिलेलं याच ड्राइव्हला आत्ता वाचता आलं, एवढंच. आपला प्रश्न मात्र वेगळा होता: दोन वर्षांनी, दुसऱ्याच्या मशीनवर वाचता येईल का? शिवाय ज्यांची डिस्क चालली ते सांगत फिरले. ज्यांची गेली ते "फ्लॉपीच ती, जायचीच" म्हणून गप्प बसले.

इथवर लिहून मी खूश होतो. मग आमच्या विभागाच्या कपाटात अशीच भोक पाडलेली एक डिस्क सापडली. कुणाच्या तरी प्रबंधाची आकडेवारी होती. निम्म्या फाइल्स उघडल्याच नाहीत. कुणाची तरी काही वर्षांची मेहनत गेली होती. "बघा, भोकाने घात केला" असं लिहायला हात शिवशिवत होते. पण डिस्क एकच! दमट हवा, बुरशी, ड्राइव्हचं मळलेलं हेड, भोक पाडताना आत गेलेला प्लॅस्टिकचा चुरा, यातलं नेमकं कारण कुठलं? ज्या चुकीसाठी मी भोकवाल्यांना धारेवर धरलं, तीच मी करायला निघालो होतो.

मग करायचं काय? एकाच खोक्यातल्या डीडी डिस्क घ्या. निम्म्यांना भोक पाडा, निम्म्या तशाच ठेवा, सोबत खऱ्या एचडी ठेवा. सगळ्यांवर एकाच ड्राइव्हने लिहा, चेकसम नोंदवा, एकाच कपाटात ठेवा, आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या ड्राइव्हवर वाचा. न वाचता आलेल्याही मोजा. काम कंटाळवाणं आहे, मान्य. पण दावा टिकतो की पडतो ते इथेच ठरतं.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये "ही पद्धत यशस्वी ठरली" असं वाक्य असेल, तर आजच समासात पेन्सिलीने तीन प्रश्न लिहा: कधी तपासलं? कशावर तपासलं? आणि न चाललेल्या किती होत्या?