गाणं पुरं होऊ द्या

संगीतावरच्या माहितीपटांचा सध्या सुकाळ आहे आणि त्यांत संगीतच ऐकू येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर 'द रोशन्स' आली. संगीतकार रोशन म्हणजे 'बरसात की रात'मधली ती लांबलचक कव्वाली बांधणारा माणूस. ठेका कुठे चढवला, एका गायकाकडून दुसऱ्याकडे ओळ कशी फेकली, एवढी मिनिटं ऐकणाऱ्याला जागचं हलू कसं दिलं नाही, यावरच एक भाग करता आला असता. मालिकेत मात्र गाणं सुरू होतं न होतं तोच कुणीतरी खुर्चीत बसून कौतुक करू लागतं. निर्मितीत राकेश रोशन स्वतःच आहेत, त्यामुळे कुटुंबाला अवघड जाईल असा प्रश्न विचारायचा तरी कुणी? २०२३ ची ए. पी. ढिल्लोंवरची मालिका आणि २०२४ चा 'यो यो हनी सिंग: फेमस' हेही त्याच वाटेने जातात. घर, संघर्ष, पडझड, पुनरागमन, मग टाळ्या. हा सगळा जाहिरातीचा व्यवहार आहे. समीक्षकांनी त्याला माहितीपट म्हणणं थांबवावं.

'पाहावेत असे संगीत-माहितीपट' म्हणून ज्या याद्या फिरतात त्या याच मालाने भरलेल्या असतात. म्हणून माझी यादी वेगळी आणि तिची कसोटीही वेगळी. गाणं पुरं ऐकू येतं का? आणि ते कुणी, कुणासाठी, काय मोल देऊन गायलं, हे कळतं का? या दोन प्रश्नांवर नावाजलेली पुष्कळ कामं गळून पडतात.

चरित्रपट आधी बाजूला ठेवू. 'मी वसंतराव'साठी राहुल देशपांडे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो गळ्याला मिळाला आणि योग्यच मिळाला. पण मूर्तिजापूरचा हा मुलगा नागपुरात काय ऐकत वाढला, हे शोधायला नाटक पुरत नाही. 'बालगंधर्व' आणि 'महाराष्ट्र शाहीर' वेशभूषेपलीकडे फारसे जात नाहीत. परदेशी नावांपैकी 'समर ऑफ सोल' पाहा. १९६९ च्या हार्लेममधल्या जलशांचं चित्रण पन्नास वर्षं पडून होतं, ते बाहेर आलं हे फार मोठं काम आहे. तरी त्यातही गाण्यांवर बोलणं चढवलेलं आहे. त्यापेक्षा 'अमेझिंग ग्रेस' पाहा. जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये अरीथा फ्रँकलिन दोन रात्री गायली. चित्र आणि आवाज जुळवता न आल्यामुळे तो चित्रपट आधी अडला आणि २०१८ पर्यंत लोकांपुढे आला नाही. त्यात मुलाखती नाहीत. घामाने निथळणारी बाई, मागचा गायकवृंद आणि उभे राहून साद देणारे लोक, एवढंच आहे. तेवढं पुरतं.

आता घरचं पाहू. माझ्या मते मराठी मुलखातला सर्वांत मोठा संगीत-माहितीपट आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) आहे. त्याला राजकीय चित्रपट म्हणून कप्प्यात टाकलं जातं आणि संगीताच्या याद्यांमधून त्याचं नाव वगळलं जातं. हा मोठा अन्याय आहे.

त्या चित्रपटाचा उगमच एका गायकाच्या मृत्यूत आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यावर लोक रस्त्यावर आले. पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसं मेली. काही दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी डोक्याला निळं फडकं बांधून गळफास घेतला. १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये झोपडपट्टीचं दुःख गाणारा आवाज याच घोगऱ्यांचा. पटवर्धन त्या आवाजाच्या मागे निघाले आणि चित्रपट पुरा व्हायला चौदा वर्षं लागली. या चौदा वर्षांत चळवळ फुटली, नेते इकडचे तिकडे गेले आणि खटले रेंगाळले. गाणं मात्र एका तोंडून दुसऱ्या तोंडी जात राहिलं.

संगीताच्या दृष्टीने त्यात काय घडतं ते नीट पाहा. चाळीत, वस्तीत, जयंतीच्या मंडपात माणसं गातात आणि कॅमेरा त्यांच्यात उभा राहून ऐकतो. कबीर कला मंचाची शीतल साठे गाऊ लागते तेव्हा पटवर्धन घाई करत नाहीत. तिचा श्वास, डफावरची थाप, समोरच्या बायांचे चेहरे, सगळं गाण्याच्याच वेळात येतं. मग तिची आई बोलते, आणि या गळ्याला घरात कोणती किंमत मोजावी लागते ते निवेदनाशिवाय कळतं. शाहीर संभाजी भगत आपल्या बोलण्याला हसवत हसवत धार लावतात. सुमारे तीन तासांत 'ही लोककला आहे' असं शिकवणारा एकही तज्ज्ञ पडद्यावर येत नाही. गाणारेच आपल्या गाण्याचे जाणकार आहेत. २ एप्रिल २०१३ ला शीतल साठे आणि मंचातलेच सचिन माळी विधानभवनासमोर पोलिसांच्या स्वाधीन झाले, तेव्हा ज्यांनी चित्रपट पाहिला होता त्यांना कुणाचा आवाज आत गेला हे ठाऊक होतं. जिवंत आवाजाचा असा पुरावा समाजाच्या हाती ठेवणं हेच या कलेचं काम आहे.

आणखी एक गोष्ट. जानेवारी २०१२ मध्ये हा चित्रपट भायखळ्याच्या बीआयटी चाळीत दाखवला गेला. ज्यांचं गाणं त्यांच्यात तो आधी नेला. मला हे दिग्दर्शनाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

शास्त्रीय संगीतात मणि कौल यांचा 'ध्रुपद' (१९८२) ही एकच शिफारस करायची तरी पुरे आहे. झिया मोहिउद्दीन डागर यांची रुद्रवीणा आणि झिया फरीदुद्दीन डागर यांचा आलाप. कौल रागाला रागाच्या चालीनेच चालू देतात. शेवटी कॅमेरा मुंबईच्या छपरांवरून फिरत राहतो आणि दरबारातलं म्हणून ऐकलेलं संगीत या गजबजाटात कुठे राहणार, हा प्रश्न आपल्यालाच पडतो. कुमार गंधर्वांवर जब्बार पटेल यांचा 'हंस अकेला' नेटका आहे, पण तो कुमारांना वंदन करून थांबतो. शबनम विरमानी यांचा 'कोई सुनता है' (२००८) कुमारांपासून निघून माळव्यात जातो, जिथून कुमारांनी उचललं त्या गाणाऱ्यांपर्यंत. देवासला आजारपणात पडलेल्या कुमारांच्या कानावर आलेलं गाणं कुणाच्या तरी गळ्यातलं होतं ना? तो गळा दाखवल्याशिवाय कुमारांची गोष्ट अर्धीच राहते. मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यावरचा नंदन कुध्याडी यांचा 'रसयात्रा' आणि किशोरीताई आमोणकरांवरचा 'भिन्न षड्ज' (२०११) जरूर पाहा. फिल्म्स डिव्हिजनने केलेल्या बाकीच्या गौरवपटांपैकी बहुतेकांत हारतुरेच जास्त आहेत.

सावित्री मेधातुल यांच्या 'नटले तुमच्यासाठी'त लावणीच्या बाया बैठकीत, घरात, देण्याघेण्याच्या हिशेबात दिसतात. लावणी म्हणजे नऊवारी आणि शिट्ट्या एवढंच ज्यांना माहीत आहे त्यांनी तो आधी पाहावा. सुरभी शर्मा यांचा 'बिदेसिया इन बंबई' (२०१३) मुंबईतल्या भोजपुरी मजुरांच्या गाण्यावर आहे. तिथे फोन हेच वाद्य आणि फोन हीच बैठक. हा चित्रपट विदर्भातल्या माणसाला ताबडतोब कळतो, कारण इथेही गाणं मेमरी कार्डावरूनच गावोगाव फिरलं.

पण मला सर्वांत जास्त उमेद देणारं काम चित्रपट म्हणून ओळखलंच जात नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅं यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतल्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. नव्वदच्या दशकात त्यांतल्या हजारोंचं ध्वनिमुद्रण झालं. २०१७ पासून 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळाने त्या ओव्या बाईच्या नावासह, गावासह लोकांसमोर मांडायला सुरुवात केली आणि कॅमेरा घेऊन पुन्हा त्या बायांच्या दारात माणसं गेली. ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे, माजलगावच्या भीमनगरातल्या राधाबाई बोऱ्हाडे. कुणाची ओवी, कुठल्या गावची, कुठल्या विषयावरची, हे सगळं तिथे आहे. ओवी पुरी आहे. बाईचं नाव तिच्या ओवीपासून तोडलेलं नाही. माझ्या दोन्ही प्रश्नांना इतकं सरळ उत्तर कुठल्याही पुरस्कारविजेत्या चित्रपटाने दिलेलं नाही.

आता यादी पुरी झाली असं समजून थांबता आलं असतं. पण मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीत बसून हे लिहितो आहे, आणि वर घेतलेल्या नावांत विदर्भाच्या गाण्यावरचा एकही चित्रपट नाही. ही उणीव गाण्याची नाही. होळीला तांड्यावर बंजाऱ्यांची लेंगी रात्रभर चालते. पांढरकवडा, झरी जामणीकडे कोलामांच्या पोडावर ढोल वाजतो. परधानांची किंगरी गोंडांच्या कुळकथा सांगत आली. दंडार आहे, खडी गंमत आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी हातात खंजेरी घेऊन सबंध प्रांत जागा केला आणि आजही गावागावांत खंजेरी भजनांच्या स्पर्धा होतात. सत्यपाल महाराज सात खंजेऱ्या एकदम बोलत्या करतात. एप्रिलमध्ये भीमजयंती आली की दुय्यम सामना लागतो. दोन गायक आमनेसामने, सवालाला जवाब, पहाटेपर्यंत.

यावर निर्मात्यांचं ठरलेलं म्हणणं असतं की प्रेक्षकाला आता धीर राहिला नाही, गाणं पुरं दाखवलं तर तो उठून जातो. हे साफ खोटं आहे. दुय्यम सामन्याला सतरंजीवर बसलेली, सकाळी कामाला जायचं असलेली माणसं रात्री दोन वाजता उठून जात नाहीत. धीर संकलनाच्या टेबलावर संपलेला असतो आणि त्याचा दोष मंडपातल्या माणसावर ढकलला जातो. पहाटेपर्यंतचा सामना ज्यांनी दाद देत ऐकला त्यांना तीन मिनिटांचं गाणं पेलवत नाही असं म्हणणं हा त्यांचा अपमान आहे.

आणि पुरावा हवा असेल तर तो तालुक्या-तालुक्यात आहे. लग्नाचं शूटिंग करणारी पोरं या सामन्यांना कॅमेरा लावतात. तिकाटणीवर कॅमेरा, आवाज थेट मिक्सरमधून, आणि अख्खा कार्यक्रम जसाच्या तसा यूट्यूबवर. संगीत पुरं नोंदवण्याचा धर्म आज विदर्भात हीच पोरं पाळत आहेत. लाखो रुपये खर्चून बनलेल्या मालिकांपेक्षा त्यांच्या कॅमेऱ्यात जास्त गाणं आहे, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. त्यात उणं काय, तर गीत कुणाचं ते कळत नाही, ढोलकीवाल्याचं नाव नसतं, कार्यक्रम कुठल्या गावी कुठल्या वर्षी झाला ते नसतं, आणि गायकाला बिदागी काय मिळाली हे कुणी विचारत नाही. 'पारी'ने ओव्यांसाठी जे केलं ते इथे जोडलं की विदर्भाचा संगीत-माहितीपट उभा राहतो. त्यासाठी कुणा मोठ्या दिग्दर्शकाने मुंबईहून उतरायची गरज नाही.

विद्यापीठं कुठे आहेत? लोकसाहित्यावर प्रबंध निघतात आणि त्यांत गाणं छापील अक्षर होऊन पडतं. चाल नाही, आवाज नाही, गाणाऱ्याचा चेहरा नाही. कोलामीत गाणारी जुनी माणसं कमी होत चालली आहेत. त्यांच्याबरोबर चाली जातील आणि मग कुणीतरी त्यांच्यावर शोकपट काढील, त्यात तज्ज्ञ बोलतील. मला तो शोकपट नको आहे. आज गाणारा माणूस आज ऐकू आला पाहिजे.

फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झाली. दशकानुदशकं जनतेच्या पैशाने केलेलं संगीताचं चित्रण त्या संग्रहात आहे. ते महोत्सवांच्या वातानुकूलित खोल्यांत फिरवून भागणार नाही. भीमसेन, मल्लिकार्जुन, डागर हे घाटंजीच्या शाळेच्या पटांगणातही दाखवले पाहिजेत, आणि त्याच पडद्यावर, त्याच रात्री, तांड्यावरची लेंगी आणि दुय्यमचा सामनाही. एकाला कला आणि दुसऱ्याला लोककला म्हणून वेगळ्या पंगतीला बसवणं आता बंद व्हावं.

म्हणून पाहण्याची यादी मी दिली आहे, पण तेवढ्याने माझं काम होत नाही. ज्याच्या हातात कॅमेरा आहे त्याने या उन्हाळ्यात एका गायकाचा एक कार्यक्रम पहिल्या वंदनेपासून शेवटच्या भैरवीपर्यंत नोंदवावा, वाद्यवाल्यांसह सगळ्यांची नावं पडद्यावर घालावीत, गीतकाराला विचारून परवानगी घ्यावी आणि मिळकत झाली तर वाटून द्यावी. समीक्षकांनी अशा कामाला पहिल्या पानावर जागा द्यावी आणि ताऱ्यांच्या घरगुती अल्बमला मागच्या पानावर दोन ओळी. ज्या माहितीपटात गाणं अर्धवट तोडलेलं आहे, त्याला संगीताच्या नावाने एकही पुरस्कार मिळता कामा नये.