‘नाही’ कुणाला म्हणायचं?

आज मला एका शब्दाविषयी तक्रार करायची आहे. तो शब्द म्हणजे ‘न्याय्य’. मोबाइल नेटवर्कच्या अभियांत्रिकीत तो सर्रास वापरतात.

1998 साली केंब्रिजचे फ्रँक केली आणि त्यांचे दोन सहकारी यांनी ‘प्रपोर्शनल फेअरनेस’ची मांडणी केली. कल्पना अशी, की ज्याला भरपूर वेग मिळतोय त्याला आणखी थोडा दिला तर फारसा फरक पडत नाही. ज्याला जेमतेम मिळतोय त्याला तेवढाच दिला तर खूप पडतो. म्हणून प्रत्येकाच्या वेगाचा लॉगॅरिदम घ्यायचा आणि त्यांची बेरीज जास्तीत जास्त होईल अशी वाटणी करायची. गणित देखणं आहे. पण त्यामागे एक गृहीत आहे, आणि केलींनी ते लपवलेलं नाही: मागणी लवचीक आहे. वेग निम्मा झाला तर फाइल उशिरा येईल, पण येईल.

एज कंप्युटिंगमध्ये हेच गृहीत टिकत नाही. एज म्हणजे टॉवरजवळचा लहानसा सर्व्हर; कॅमेरा आपलं जड काम दूरच्या डेटा सेंटरऐवजी त्याच्याकडे पाठवतो. आता बघा, एकदम दहा कॅमेऱ्यांची दहा कामं आली. प्रत्येकाला सर्व्हरचे 100 मिलिसेकंद लागतात आणि उत्तर 500 मिलिसेकंदांत हवंय. सगळ्यांना समान वाटा दिला, तर दहाही कामं 1000 मिलिसेकंदांना संपतात. वेळेत एकही नाही! एकामागून एक घेतली, तर पाच वेळेत होतात. उरलेल्या पाचांची चित्रं आणण्यात गेलेला रेडिओचा वेळही वाया. म्हणजे लहरी आणि सर्व्हर यांचा निर्णय एकत्रच करावा लागतो, आणि प्रश्न ‘किती द्यायचं’ हा राहत नाही. ‘नाही कुणाला म्हणायचं’ हा होतो.

यावर 2009 साली हौ, बोरकर आणि कुमार यांनी एक चांगली वाट दाखवली. यातले विवेक बोरकर तेव्हा मुंबईच्या टीआयएफआरमध्ये होते. ज्याचं देणं जास्त थकलंय, त्याचा नंबर आधी. मला हे आवडतं, कारण इथे नकाराची नोंद राहते. पण देणं फेडायला पुढची फेरी लागते. गाडीसमोर माणूस आलाय, हे ओळखणाऱ्या कॅमेऱ्याला पुढच्या फेरीचा काय उपयोग?

मग कामांना ‘वजनं’ देतात. माझा आक्षेप इथे आहे. सूत्रात हे वजन ‘दिलेलं आहे’ असं धरून पुढे जातात. अहो, पण दिलं कुणी? इंजिनिअर म्हणतील, मिलिसेकंदात कुणाला विचारत बसणार? बरोबर आहे. पण क्रम आधीच ठरलेला असतो, आणि तो ठरवायला भरपूर वेळ असतो. दवाखान्याच्या अपघात विभागात कुणाला आधी घेतलं, हे विचारलं तर डॉक्टरांना कारण सांगावं लागतं. नेटवर्कनेही तेवढं सांगावं. तोवर या वाटणीला ‘कार्यक्षम’ म्हणा; ‘न्याय्य’ म्हणू नका.