प्राश्निक आणि राजसेवक : 'स्वराज्यरक्षक संभाजी'चा प्रेक्षक

मराठी समीक्षेने दूरचित्रवाणीवरील ऐतिहासिक मालिकांची दखल घेतली ती बहुधा दोनच अंगांनी. इतिहासाशी इमान राखले गेले की नाही, हे एक. आणि रंजनाच्या बाजाराने इतिहासाचे काय केले, हे दुसरे. मालिका पाहणारा, तिच्याविषयी हिरीरीने बोलणारा, तिच्या नायकनटावर जीव लावणारा प्रेक्षक या दोन्ही चर्चांत गृहीत धरला जातो. तो भाबडा आहे, नट आणि व्यक्तिरेखा यांतला भेद त्याला कळत नाही, असे म्हटले की त्याच्यापुरता विषय संपतो. हे गृहीत कितपत टिकते, ते 'स्वराज्यरक्षक संभाजी' या मालिकेच्या निमित्ताने तपासता येते. सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०२० या काळात झी मराठी वाहिनीवरून ती प्रक्षेपित झाली. संभाजीची भूमिका डॉ. अमोल कोल्हे यांची होती. मालिका चालू असतानाच, मे २०१९ मध्ये, ते शिरूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. नट, भूमिका आणि सार्वजनिक पुरुष या तिन्ही गोष्टी एकाच चेहऱ्यावर एकाच वेळी आल्याचे इतके ठसठशीत उदाहरण अलीकडच्या मराठी सांस्कृतिक व्यवहारात दुसरे नाही.

या मालिकेचा प्रेक्षक कोठे उभा राहून बोलतो, याला महत्त्व आहे. बारामती तालुक्यातील कन्हेरी हे गाव उदाहरणादाखल घ्यावे. तेथील मारुतीचे मंदिर महाराष्ट्राला ठाऊक झाले ते निवडणुकांमुळे. पवार कुटुंबाच्या प्रचाराचा नारळ तेथे फोडण्याची जुनी प्रथा आहे. वक्त्याचा आवाज, त्याचा आविर्भाव, त्याच्या शब्दाचे वजन यांचा निवाडा करण्याची सवय अशा गावाला पिढ्यांची असते. शिवाय या मालिकेचा भूगोल येथल्या प्रेक्षकाला परका नाही. सुपे परगणा शहाजीराजांच्या जहागिरीतला, तो याच तालुक्यात. संगमेश्वरी पकडल्यानंतर संभाजीला जेथे आणले गेले तो बहादूरगड दौंडच्या पलीकडे, भीमेच्या उत्तर तीरावर पेडगावला आहे. ज्या तुळापुरास मार्च १६८९ मध्ये या चरित्राचा अंत झाला, तेथून वाहत आलेली भीमा पुढे इंदापूर तालुक्याच्या सीमेवर उजनीच्या जलाशयात थांबते.

हा तपशील केवळ स्थलवर्णनाचा नाही. अभिनवगुप्ताने रसविघ्नांची गणना करताना देशकालविशेषाचा आवेश हे एक विघ्न मानले आहे. समोर चाललेले सुखदुःख 'माझे' किंवा 'अमक्याचे', 'या जागचे' किंवा 'त्या जागचे' म्हणून भोगले गेले, तर साधारणीकरण घडत नाही आणि रसही निष्पन्न होत नाही, ही त्यामागील भूमिका. या कसोटीवर पेडगाव जवळ असलेला प्रेक्षक मुळातच अनधिकारी ठरतो. परंतु ऐतिहासिक मालिका ज्या गोष्टीवर उभी असते ती हीच विशेषता आहे. 'कोणी एक पुत्र, कोणी एक पिता' असे रूप आले तर या प्रेक्षकाच्या लेखी काहीच उरत नाही. त्याला हा पुत्र हवा असतो, हा पिता आणि ही नदी. म्हणजे येथे आस्वादाची वाट साधारणीकरणाच्या नेमकी उलट जाते. तिला भाबडेपणा म्हणून मोकळे होण्यापेक्षा तिचे नियम कोणते, हे पाहणे अधिक फलदायी होईल.

ते नियम शोधताना नाट्यशास्त्रातच एक अनपेक्षित आधार सापडतो. सत्ताविसाव्या अध्यायात, नटांमध्ये संघर्ष उत्पन्न झाला असता निवाडा कोणी करावा, हे सांगताना भरताने दहा प्राश्निक नोंदले आहेत : यज्ञवेत्ता, नर्तक, छंदोवेत्ता, वैयाकरण, राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक. कोणा एकाला सर्व कळते असे भरत धरत नाही. प्रत्येकाला आपापल्या व्यवहारापुरता अधिकार आहे. धनुर्धराने शस्त्राची ठेवण पाहावी, वैयाकरणाने भाषा पाहावी, राजसेवकाने उपचार, म्हणजे रीतिरिवाज पाहावेत. नाट्याचा निवाडा व्यवसायांमध्ये वाटून देणारी ही कल्पना आधुनिक वाचककेंद्री सिद्धान्तांपेक्षा कमी सूक्ष्म नाही. त्या सिद्धान्तांतील व्याख्याकारांचा समुदाय पुष्कळदा विद्यापीठाच्या आवारातच राहतो. भरताचा समुदाय मात्र गावभर पसरलेला आहे.

पारावर होणारी मालिकेची चर्चा या अर्थाने पाहिली तर ती भाबडी वाटत नाही. ज्याने आयुष्यभर जनावरे हाताळली तो घोड्यावरची मांड पाहतो आणि नट घोड्याला भितो की घोडा नटाला, हे पहिल्या दृश्यातच सांगतो. भजनात टाळ धरणारा आवाजाची फेक पाहतो. सभांना जाऊन जाऊन कान तयार झालेला माणूस संवादातले कोणते वाक्य मनातून आले आणि कोणते टाळीसाठी टाकले, हे बरोबर ओळखतो. सासूसुनांच्या मालिकांवर नजर तयार झालेल्या स्त्रिया सोयराबाईंच्या प्रसंगांत आईपण कोठे संपले आणि राजकारण कोठे सुरू झाले, याची जी चिकित्सा करतात ती अनेक लेखी परीक्षणांत आढळत नाही. यांतला कोणीही नटाला राजा समजत नाही. नटाला भूमिका पेलली का, हाच सर्वांचा प्रश्न असतो. 'पेलणे' हा शब्द या चर्चेतील मूल्यशब्द आहे आणि मराठी समीक्षेच्या परिभाषेत त्याला अद्याप जागा मिळालेली नाही.

कोल्हे यांच्याबाबतीत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होता. २००८ मध्ये सुरू झालेल्या 'राजा शिवछत्रपती' या मालिकेत याच नटाने शिवाजी उभा केला होता. नऊ वर्षांनी तोच चेहरा पुत्राचा झाला आणि पित्याच्या जागी शंतनू मोघे आले. भाबड्या प्रेक्षकाचा येथे गोंधळ उडायला हवा होता. प्रत्यक्षात त्याने ही अदलाबदल स्वीकारली, इतकेच नव्हे तर पुत्रात पित्याची छटा दिसते म्हणून ती जमेस धरली. नट ही खूण आहे, वस्तू नव्हे, याची त्याला पुरती जाण होती असेच यावरून म्हणावे लागते.

मग नट आणि भूमिका यांची सरमिसळ होते ती कोठे? तिचे उत्तर जानेवारी २०२२ च्या प्रकरणात मिळते. कोल्हे यांनी २०१७ मध्ये, राष्ट्रवादी काँग्रेस पक्षात येण्यापूर्वी, 'व्हाय आय किल्ड गांधी' या चित्रपटात नथुराम गोडसेची भूमिका केली होती. तो चित्रपट प्रदर्शित होण्याच्या वेळी वाद उसळला. त्यांच्याच पक्षातून टीका झाली. कलावंताच्या भूमिकेकडे कलावंताची भूमिका म्हणूनच पाहावे, असे सांगत शरद पवारांनी त्यांची पाठराखण केली. सिद्धान्त म्हणून पवारांचा युक्तिवाद निर्दोष आहे. दिदरोपासून आजवर अभिनयाविषयी जे गंभीरपणे लिहिले गेले त्याच्याशी तो जुळतो. तरीही कोल्हे आळंदीला गेले, इंद्रायणीच्या काठी त्यांनी आत्मक्लेश केला आणि दिलगिरी व्यक्त केली. म्हणजे नटाने स्वतःच, सिद्धान्त बाजूला ठेवून, प्रेक्षकाचा नियम मान्य केला. तो नियम असा की, काही भूमिका नटाने 'केलेल्या' नसतात, त्या त्याला 'दिलेल्या' असतात. त्यांचे ऋण असते आणि ते पुढच्या प्रत्येक भूमिकेत फेडावे लागते.

हा नियम सार्वत्रिक मात्र नाही. दूरदर्शनच्या 'रामायण' मालिकेत सीता झालेल्या दीपिका चिखलिया १९९१ मध्ये लोकसभेवर गेल्या, हे उदाहरण नेहमी दिले जाते. त्याच मालिकेतील रावण, अरविंद त्रिवेदी, त्याच वर्षी त्याच सभागृहात निवडून गेले, हे सहसा कोणी सांगत नाही. रावणाने नटाला बाटवले नाही. गोडसेने बाटवले, कारण रावण आधीच्या ऋणाच्या आड येत नव्हता. प्रेक्षक भूमिका एकेक अशी मोजत नाही, तो त्यांची बेरीज करतो.

येथपर्यंत प्रेक्षकाची बाजू भक्कम आहे. तिचा दुबळेपणा दिसतो तो दहा प्राश्निकांपैकी शेवटच्याच्या वर्तनात. मालिका लोकप्रिय होत गेली तसा राजसेवकाचा आवाज चढत गेला. त्याची कसोटी उपचाराची : नामोल्लेख आदरार्थी झाला का, मुजरा रीतीने केला का, नटाने भूमिकेबाहेर वावरताना मर्यादा राखली का. ही कसोटी गैर नाही. भरतानेच ती दिलेली आहे. पण तिच्यापुढे घोडेस्वार, गायक आणि सोयराबाईंकडे बारकाईने पाहणाऱ्या त्या स्त्रिया गप्प होऊ लागल्या, तर चर्चा उरत नाही, पहारा उरतो.

संभाजीच्या बाबतीत याची किंमत मोठी आहे. मल्हार रामराव चिटणीसाच्या बखरीपासून या पुरुषाची प्रतिमा डागाळत आली. गडकऱ्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या 'राजसंन्यास'ने तिला रंगभूमीची भाषा दिली. वसंत कानेटकरांच्या 'रायगडाला जेव्हा जाग येते'मध्ये (१९६२) काशिनाथ घाणेकरांचा संभाजी दुखावलेला पुत्र झाला. 'छावा'मध्ये (१९७९) शिवाजी सावंतांनी त्याला स्वतःचा आवाज दिला. या साऱ्याच्या मुळाशी वा. सी. बेंद्रे यांचे १९६० चे चरित्र आहे. बेंद्रे यांनी प्रतिमा पालटली ती आदर वाढवून नव्हे, कागद तपासून. जानेवारी २०१७ मध्ये संभाजी ब्रिगेडच्या कार्यकर्त्यांनी पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा अर्धपुतळा उखडला. मालिका सुरू झाली ती त्याच वर्षी. दोहोंचा कार्यकारणसंबंध जोडण्याचे कारण नाही. पण मालिकेकडे पाहणाऱ्याच्या अपेक्षाक्षितिजावर ती घटना होती, एवढे नाकारता येत नाही.

या चरित्रात एक जागा अशी आहे की जेथे उपचार अपुरा पडतो. डिसेंबर १६७८ मध्ये संभाजी दिलेरखानाच्या छावणीत गेला आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस परतला. मधल्या काळात भूपाळगड पडला. हे का घडले, याचे उत्तर बेंद्रे यांना शोधावे लागले, सावंतांना कल्पावे लागले, आणि नटाला तर ते चेहऱ्यावर दाखवावे लागते. राजसेवकाला ही जागा लवकर संपावी असे वाटते. पारावरचा जुना प्रेक्षक मात्र तेथेच थांबतो. बापाशी भांडून घर सोडलेला एखादा मुलगा त्याच्या माहितीत असतो, आणि त्या मुलाला परत आणताना काय बोलावे लागले हेही त्याला आठवते. राजे तिकडे का गेले, हा प्रश्न तो मोठ्याने विचारतो. नटाच्या डोळ्यांत त्याचे उत्तर दिसले की नाही, यावर तेथे दोन तट पडतात.