स्मारक-नाणे आणि अनामिकांची स्मृती : नांदेड व लातूर यांच्या संदर्भात

नाणे हे राजसत्तेचे लेखन होय. निजामी राजवटीत नांदेड-लातूरच्या बाजारपेठांत चालणाऱ्या हाली सिक्क्यावर चारमिनार असे. तो व्यवहाराचे साधन होता, तसाच सत्ता कोणाची याचा नित्याचा पुरावाही होता. स्वतंत्र भारतात १९६४ साली पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ नाणे निघाले आणि या लेखनास नवा विषय लाभला. परंतु आपत्तीत बळी पडलेल्या सामान्य जनांचा गौरव आणि त्यांच्या स्मारकासाठी द्रव्यसंचय, ही दोन्ही कार्ये एकाच नाण्याने साधतील काय?

नांदेडचे उदाहरण प्रथम घ्यावे. १७०८ साली येथे घडलेल्या गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त २००८ मध्ये, व गुरु गोविंदसिंहांच्या ३५० व्या प्रकाशपर्वानिमित्त २०१९ मध्ये ३५० रुपयांचे नाणे निघाले. दुसऱ्यावर पाटणा येथील तख्ताची आकृती आहे. जन्मोत्सवाच्या नाण्यावर जन्मस्थान यावे, हे उचितच. येथे नाण्यास काहीच अवघड नाही : नाव एक, स्थान एक, वर्ष एक.

बळींच्या बाबतीत ही सुगमता संपते. जालियनवाला बाग हत्याकांडाच्या शताब्दीस, १३ एप्रिल २०१९ रोजी, १०० रुपयांचे नाणे प्रकाशित झाले. त्यावर मृतांची नव्हे, तर १९६१ साली उद्घाटन झालेल्या स्मारकाची प्रतिमा आहे. म्हणजे स्मारक आधी, नाणे अठ्ठावन्न वर्षांनी. नाण्याने येथे पूर्वीच सिद्ध झालेल्या स्मृतीवर मुद्रा उमटविली. ती स्मृती त्याने घडविली नाही.

निधीसाठी काढावयाच्या नाण्याचा क्रम याच्या अगदी उलट असतो. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातील मृतांच्या न्यूयॉर्क येथील स्मारक व संग्रहालयासाठी अमेरिकेने २०१० च्या कायद्याने एक औंस चांदीचे पदक काढले. प्रत्येक पदकामागे दहा डॉलर अधिभार स्मारकास मिळावयाचा होता. लक्षणीय गोष्ट ही की, ते चलनी नाणे नव्हते. त्यावर दीप धरलेली स्वातंत्र्यदेवता आहे. मृत तेथेही नाहीत. परंतु ग्राहकाचे दहा डॉलर कोठे जातात, हे कायद्यानेच निश्चित केले होते. आपल्या २०११ च्या नाणे अधिनियमात असा अधिभार स्मारकाकडे वळविण्याची तरतूद नाही.

आता लातूरकडे वळावे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे, गणेशविसर्जनानंतर गावे निजली असता, किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती कोसळून लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगावली. बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. या मृतांसाठी नाणे काढावयाचे तर त्यावर काय असावे? आठ हजार नावे त्या वर्तुळात मावत नाहीत, आणि एकाचीच मुद्रा कोरणे हा इतरांवर अन्याय ठरेल. शिवाय मूळ गावठाणाची जागाच सुटली असल्याने नाण्यावरील स्थळ कोणते, हाही प्रश्न उरतो.

म्हणून दोन्ही कार्ये विभक्त ठेवणे हेच विवेकाचे होय. निधीसाठी पदक असावे व त्याचा हिशेब कायद्याने बांधलेला असावा. गौरवासाठी नाणे असावे, पण ते स्मारक उभे राहिल्यानंतर. स्मारकावर नावे कोरली जातात. नाण्याने फक्त त्या नावांकडे बोट दाखवावे. हा क्रम उलटल्यास मृतांच्या नावाने संग्राहकांचा छंद तेवढा पुरविला जाईल.