दालचा रशियन शब्दकोश आणि मराठी भाषांतरकार

टॉल्स्टॉय, तुर्गेनेव्ह, चेकॉव्ह ही नावे मराठी वाचकास आता परकी राहिलेली नाहीत. तथापि या ग्रंथकारांची जी ओळख आपणांस झाली ती बहुतांशी इंग्रजीच्या मध्यस्थीने झाली. आणि मध्यस्थ कितीही सज्जन असला तरी दोन्ही पक्षांचे बोलणे तो थोडेबहुत आपल्या सोयीने सांगतो, हे लग्ने जुळविणाऱ्या मंडळींच्या अनुभवावरून वाचकांस ठाऊक आहेच. मॉस्को येथील प्रगती व रादुगा या प्रकाशनसंस्थांनी मराठी पुस्तके काढली खरी. पण १९९१ साली सोव्हिएट राज्य लयास गेले आणि तो ओघही आटला. यापुढे जो कोणी मूळ रशियनवरून मराठीत आणू म्हणेल त्यास आपली साधने आपणच निवडावी लागतील. अशा जिज्ञासूच्या हाती जाणते लोक मोठ्या भक्तिभावाने जो ग्रंथ ठेवतात तो व्लादिमीर इवानोविच दाल याचा ‘जिवंत महारशियन भाषेचा स्पष्टीकरणात्मक कोश’ होय. हा भक्तिभाव कितपत सार्थ आहे, हे पाहण्याचा आमचा विचार आहे.

दाल याचा जन्म १८०१ साली लुगान्स्क येथे झाला. बाप डेन्मार्कचा, आईचे कूळ जर्मन. म्हणजे रशियन भाषेचा हा सर्वात मोठा संग्राहक रक्ताने रशियन नव्हता. १८१९ सालच्या मार्च महिन्यात नौदलाच्या शाळेतून बाहेर पडलेला हा तरुण पीटर्सबर्गहून मॉस्कोकडे निघाला असता, आभाळ भरून येताना पाहून गाडीवानाच्या तोंडून ‘झमोलाझिवायेत’ असा शब्द निघाला. दालने तो तेथल्या तेथे टिपून घेतला आणि मग पन्नासाहून अधिक वर्षे, मरेपर्यंत, टिपणे चालूच ठेविली. तो पुढे वैद्य झाला, तुर्की युद्धात शस्त्रक्रिया करीत हिंडला, ओरेनबुर्ग व निझ्नी नोव्हगोरोद येथे सरकारी चाकरीत राहिला, १८३७ साली द्वंद्वयुद्धात जखमी झालेल्या पूश्किनच्या मरणशय्येपाशी बसला. परंतु शिपाई असो, सुतार असो, रोगी असो, त्याच्या तोंडचा शब्द कागदावर उतरल्यावाचून राहिला नाही. युद्धात त्याची टिपणे वाहणारा उंट नाहीसा झाला होता. तो कोसाकांनी शोधून आणला, म्हणून आज हा कोश आहे असे म्हटले तरी चालेल.

कोशाचे चार खंड १८६३ ते १८६६ या काळात निघाले. त्यांत सुमारे २,००,००० शब्द असून त्यांपैकी सुमारे ८०,००० एकट्या दालने लोकांच्या तोंडून गोळा केलेले आहेत. शिवाय ३०,००० म्हणी उदाहरणादाखल विखुरल्या आहेत. आपल्याकडील मोल्सवर्थच्या कोशाची येथे आठवण होते. त्याच्या १८५७ च्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द आहेत, आणि तोही मायबोलीचा अभिमान ज्यास नव्हता अशाच पुरुषाच्या देखरेखीखाली तयार झाला. मात्र मोल्सवर्थच्या हाताशी शास्त्रीमंडळी होती. दालपाशी गाडीवान होता. दोन्ही कोशांच्या रुचीतील भेद यातच आहे.

आता या ग्रंथाचा भाषांतरकारास उपयोग काय? एकच उदाहरण विस्ताराने घेऊ. चेकॉव्हची १८८६ सालची एक कथा आहे. योना नावाच्या गाडीवानाचा मुलगा वारला आहे. तो प्रत्येक उतारूस ते सांगू पाहतो, कोणी ऐकत नाही, आणि अखेर तो आपल्या घोडीपाशी मन मोकळे करतो. कथेचे मूळ नाव ‘तस्का’. गार्नेटबाईंनी इंग्रजीत जो शब्द घातला त्याचा अर्थ ‘दैन्य’, ‘हालअपेष्टा’ असा होतो. त्यावरून मराठी करणारा सहजच ‘दुःख’ लिहून मोकळा होईल. दालचे पान उघडावे, तो काय दिसते? जिवाचा कोंडमारा, तळमळ, उदासी, मनाचा वीट, काळजाचे दुखणे, अशा छटा तेथे एकीला एक खेटून उभ्या आहेत. दाल व्याख्या करीत नाही. तो शब्दाचे सगेसोयरे एका ओसरीवर आणून बसवितो आणि ओळख वाचकानेच करून घ्यावी असे सुचवितो. ही रीत तर्कशास्त्र्यास रुचणार नाही, पण भाषांतरकारास अत्यंत उपकारक आहे. कारण ‘तस्का’ला मराठीत एक शब्द नसला तरी हुरहूर, काहूर, तगमग, घालमेल असा गोतावळा आपल्यापाशीही आहे, आणि त्यांतील कोणता योनाच्या तोंडी शोभेल हे ठरविण्यास कसोटी मिळते. आमच्या मते हुरहूर फार कोवळी आहे; तगमग जवळ येते; पण योना गप्प बसलेला आहे, त्याच्या अंगावर बर्फ साचले आहे, तेव्हा ‘काहूर’ हाच शब्द आम्ही पत्करू.

‘प्राव्दा’ या शब्दाचेही असेच आहे. वर्तमानपत्राच्या नावामुळे तो सर्वांस ‘सत्य’ या अर्थी परिचित आहे. परंतु प्राचीन कीएव्हच्या कायद्यांचा संग्रह ‘रूस्काया प्राव्दा’ म्हणून ओळखला जातो. म्हणजे त्यात न्यायही आला. केवळ बुद्धीस पटणाऱ्या सत्यासाठी ‘इस्तिना’ हा शब्द निराळा आहे. कुळंबी प्राव्दा मागतो तेव्हा तो तत्त्वज्ञान मागत नाही, आपला वाटा मागतो.

इतके गुण गाइल्यावर दोष सांगणे प्राप्त आहे, आणि ते लहान नाहीत. दालने शब्द वर्णक्रमाने सुटे न मांडता एका मूळाचे शब्द एका ‘घरट्यात’ घातले. मात्र व्युत्पत्तीचे त्याचे ज्ञान कानावर अवलंबून होते. ‘श्वास घेणे’ आणि ‘गाडीचे जू वाहणारा दांडा’ या अर्थांचे, केवळ ध्वनीने सारखे शब्द त्याने एका घरट्यात कोंबले. दुसरा दोष अधिक भयंकर. परकी शब्दांवर त्याचा राग असल्यामुळे त्यांच्या जागी त्याने स्वतःच्या टाकसाळीतील नाणी पाडली: क्षितिजास ‘नेबोझ्योम’, वातावरणास ‘मिरोकोलित्सा’. नवख्यास वाटते की हे शब्द कोणी खेडूत बोलत असेल! भाषाशुद्धीचा उत्साह आपणांस परिचित आहे, आणि त्याने मराठीस काही चांगले शब्द दिलेही. पण कोशकाराने संग्राहकाच्या वेषात जनकाचे काम करावे हे आम्हांस मान्य नाही. १९०३ ते १९०९ या काळात बोदुएं द कूर्तने या पंडिताने तिसरी आवृत्ती संपादिली, तीत मांडणी सुधारली आणि दालने सोवळेपणाने वगळलेले ग्राम्य शब्दही घातले. म्हणून पुस्तक घेताना आवृत्ती पाहून घ्यावी.

शिवाय हा कोश वृत्तीने खेड्यातला. लेस्कोव्ह वा तुर्गेनेव्ह वाचताना तो हवाच. कारकुनांची, वकिलांची, क्रांतीनंतरच्या शहरांची भाषा त्यात सापडत नाही. लेनिनलाही ही उणीव १९२० साली जाणवली होती, आणि तेव्हापासून चाललेल्या खटाटोपाचे फळ म्हणजे उशाकोव्हचा चार खंडांचा कोश (१९३५–४०). ओझेगोव्हचा १९४९ चा एकखंडी कोश टेबलावर ठेवण्यास सोयीचा. आमचा सल्ला असा की, अर्थ ओझेगोव्हला विचारावा, वापर उशाकोव्हला, आणि मराठी शब्द अडला की दालकडे जावे. तेथून थेट दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाकडे.

म्हणींच्या बाबतीत मात्र सावध राहावे. आपला सामोवार घेऊन तूला शहरी कोणी जात नाही, अशा आशयाची एक रशियन म्हण आहे; तूला हे सामोवार घडविणारांचे गाव. तिच्या जागी एखादी घरगुती मराठी म्हण बसविली तर अर्थ येईल, पण तूला जाईल, सामोवार जाईल आणि रशियन शेतकरी सदाशिव पेठेत राहावयास येईल.

काही गोष्टी कोणत्याच कोशात मिळत नाहीत. रशियनमध्ये ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतला भेद जिवंत आहे. पूश्किनची या दोन सर्वनामांच्या नावाचीच एक छोटी कविता आहे, तीत प्रेयसी चुकून ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येते एवढाच प्रसंग. इंग्रजीत हा भेद उरत नाही, त्यामुळे इंग्रजीवरून मराठी करणारास प्रत्येक संवादात कोण कोणास अहो-जाहो करतो हे अंदाजाने ठरवावे लागते, आणि नवराबायको, धनी-चाकर यांची नाती नकळत बदलतात. नावांचेही तेच. गोगोलच्या ‘ओव्हरकोट’ मधला अकाकी अकाकियेविच, म्हणजे अकाकीचा पुत्र अकाकी, इंग्रज वाचकास बुचकळ्यात टाकतो. ज्याच्या स्वतःच्या नावात बापाचे नाव मध्ये बसलेले आहे त्या मराठी वाचकास त्यातली थट्टा विनासायास कळते. ती थट्टा मात्र भाषांतरकाराने बापाचे नाव ‘अनावश्यक’ म्हणून गाळले नाही तरच.